वेगळी चूल मांडण्याआधी

नौपाडा, ठाणे
रविवार सकाळ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा ऐरोली स्टेशनातून तू फोन केलास तेव्हा गाडीच्या आवाजात निम्मं बोलणं हरवलं, पण ‘काकू, मी फोर्क काढतोय’ हे स्पष्ट ऐकू आलं. म्हणजे त्यांचा कोड घेऊन तू आपला वेगळा प्रकल्प सुरू करणार. तेव्हा मी काही बोलले नाही. चिडलेल्या माणसाला फोनवर समजावू नये, आणि तुझी चीड खोटीही नव्हती. दोन महिने ऑफिसहून आल्यावर रात्री बसून केलेलं काम कुणी तीन ओळींत परत पाठवलं तर वाईट वाटणारच. काल तुझा पॅच, म्हणजे कोडमधला तुझा बदल, उतरवून घेतला, चालवून पाहिला, प्रकल्प सांभाळणाऱ्या त्या मेन्टेनरचं उत्तर दोनदा वाचलं. आता सावकाश लिहिते आहे.

पॅच चांगला आहे, हे आधी सांगते. ई-पुस्तकं वाचायच्या त्या प्रोग्रॅममध्ये मराठी पुस्तक उघडलं की ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. आपल्याला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा. प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये मराठी ल आणि हिंदी ल यांचा क्रमांक एकच आहे. आकार ठरतो तो फॉन्टवर, आणि मजकूर मराठी आहे हे प्रोग्रॅम फॉन्टपर्यंत पोचवतो की नाही त्यावर. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये मराठी आकार आधीच भरलेले असतात, कुणीतरी मागायचीच खोटी. तू सेटिंग्जमध्ये ‘मराठी अक्षरवळण’ हा पर्याय घातलास आणि ते आकार मागवलेस. माझ्या लॅपटॉपवर पहिलंच पान उघडलं तेव्हा डोळ्यांना बरं वाटलं.

आता त्या मेन्टेनरचं उत्तर बघ. तुला त्यात ‘मराठीची आम्हाला गरज नाही’ असं दिसलं. मला तसं एक अक्षरही सापडलं नाही. तो म्हणतो, आणखी एक सेटिंग नको. भाषा पुस्तकातूनच कळायला हवी. म्हणजे तू दाखवलेली अडचण त्याने नाकारलेलीच नाही. तू काढलेली वाट नाकारली आहे. या दोन गोष्टींची गल्लत आपल्या क्षेत्रात रोज होते, आणि निम्मी भांडणं तिथेच पेटतात.

त्याच्या बाजूने विचार कर. तुझ्या लेखी ती एक चौकोनी खूण आहे, केली की झालं. त्याच्या लेखी प्रत्येक पर्याय म्हणजे प्रोग्रॅमच्या दोन अवस्था. असे दहा पर्याय झाले की हजाराच्या वर जोडण्या होतात, आणि त्यांपैकी कुठलीही बिघडली तरी त्या चुकीची तक्रार, म्हणजे बग, त्याच्याच दारात येतो. तू तोवर नोकरी बदललेली असशील, लग्न झालं असेल, तुझं लक्ष दुसरीकडे असेल. सुविधा एकदा लिहिली जाते आणि सांभाळावी मात्र वर्षानुवर्षं लागते. म्हणून ज्याच्या माथी सांभाळणं आहे त्याच्या ‘नाही’ला मी वजन देते. ते नेहमी बरोबर असतं असं नाही, पण त्याची किंमत तो मोजत असतो.

तो एका ठिकाणी कमी पडतो आहे, तेही सांगते. पुस्तकाची भाषा पुस्तकातूनच घ्यावी हे तत्त्वाला धरून आहे. ई-पुस्तकांच्या ईपब या फाइल-प्रकारात भाषेची नोंद सक्तीची असते. पण माझ्याकडच्या कितीतरी मराठी ई-पुस्तकांत त्या जागी इंग्रजी लिहिलेलं आहे, कारण तयार करणाऱ्याने साच्यात होतं तेच राहू दिलं. हे त्याला माहीत असायचं कारण नाही, आणि तूही त्याला सांगितलेलं नाहीस. तू चाळीस जणांचे पसंतीचे अंगठे (👍) गोळा केलेस. अंगठ्यांनी माणसावर दडपण येतं, त्याला नवं काही कळत नाही. अशा पाच पुस्तकांच्या नोंदी दाखवल्या असत्यास तर त्याला विचार करावा लागला असता.

एक वाट मला दिसते. लिपी देवनागरी, पण नोंदीतली भाषा देवनागरीत न लिहिली जाणारी, असं आढळलं तर ती नोंद सोडून द्यायची आणि वाचणाऱ्याच्या यंत्रणेची भाषा धरायची. नवीन सेटिंग लागत नाही. ज्याचा संगणक मराठीत आहे त्याला मराठी वळण आपोआप मिळेल. ज्याचा इंग्रजीत आहे त्याचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि आपल्याकडे तो मोठा आहे. तो उघडपणे मांड, झाकू नकोस.

आता फोर्कबद्दल. आपल्याकडे भाऊ-भाऊ वेगळे होतात त्याला वेगळी चूल मांडणं म्हणतात, आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हा हक्क परवान्यातच लिहून दिलेला असतो. तो मला फार मोलाचा वाटतो. उद्या एखाद्या कंपनीने मालकी मिळवून प्रकल्पाची दिशा वळवली, तर लोकांना कोड घेऊन बाहेर पडता येतं. 2010 साली ओरॅकल कंपनीने सन ही कंपनी विकत घेतली, त्याबरोबर ओपनऑफिस हा कार्यालयीन कामाचा मुक्त प्रोग्रॅमही तिच्याकडे गेला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बरेचसे जुने कार्यकर्ते बाहेर पडून लिबरऑफिस हा त्याचा फोर्क उभा राहिला. कोड त्यांना नेता आला, नाव मात्र नेता आलं नाही. 2023च्या ऑगस्टमध्ये सर्व्हर उभारायच्या टेराफॉर्म या प्रोग्रॅमचा परवाना त्याच्या कंपनीने मुक्त ठेवला नाही, तर महिना-दीड महिन्यात त्याचा फोर्क ओपनटोफू लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आला. या दोन्ही ठिकाणी वाद सुविधेचा नव्हता, सत्तेचा होता, आणि सत्तेच्या वादावर फोर्क हे खरं औषध आहे.

सुविधेच्या वादावर ते औषध सहसा लागू पडत नाही. याचं उदाहरण मला अजून हळहळायला लावतं. पिजिन नावाचा चॅटचा प्रोग्रॅम होता, अजूनही आहे. 2008 साली त्याच्या 2.4 आवृत्तीत मजकूर लिहायचा खोका आपोआप लहान-मोठा होऊ लागला आणि तो हाताने ओढून मोठा करायची सोय गेली. एवढंच. पण वापरणारे खवळले. विकासकांचं म्हणणं, आपोआप व्हायला हवं ते आपोआपच नीट करू. लोकांचं म्हणणं, आमचा खोका आम्हाला ओढू द्या. शेवटी काही जणांनी फनपिजिन नावाचा फोर्क काढला, पुढे त्याचं नाव कॅरियर झालं. हाताने ओढायची सोय त्यांनी परत दिली. आणि मग? चॅटच्या सेवा आपले नियम बदलत राहतात, सुरक्षेच्या चुका निघतात, प्रत्येक दुरुस्ती मूळ प्रकल्पातून उचलून आपल्याकडे बसवावी लागते. खोक्याच्या उंचीवर उभा राहिलेला उत्साह एवढं ओझं किती वर्षं उचलणार? कॅरियर थांबला. पिजिनमध्ये पुढे त्या खोक्याची किमान उंची ओळींत ठरवायची सोय आली. ज्या मधल्या वाटेवर सगळे आधीच भेटू शकले असते, तिथे पोचायला दोन्ही बाजूंची इतकी माणसं दुखावली गेली.

लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती आली (2011) तेव्हाही असंच झालं, पण तिथे मेट आणि सिनॅमन हे फोर्क टिकले. कारण तिथे वाद एका खोक्याचा नव्हता, काम करायची पूर्ण पद्धतच बदलली होती, आणि जुन्या पद्धतीने काम करणारे इतके होते की सांभाळायला हातही मिळाले. तुझ्या फोर्कला असे हात कोण देणार, त्यांची नावं कागदावर लिहून बघ. अंगठे देणाऱ्यांची नकोत, शनिवारी रात्री दुरुस्ती बसवायला उठतील अशांची.

फोर्क काढायचाच झाला तर ईजीसीएससारखा काढ. जीसीसी हा कंपायलर, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन, 1990च्या दशकात फार सावधपणे, हळू चालला होता. नवं काम अडकून पडत होतं. 1997 साली काही जणांनी विखुरलेले प्रयोग एकत्र करून ईजीसीएस सुरू केलं. चूल वेगळी मांडली, पण सातबारा एकत्र ठेवला: नव्या कोडचे हक्क पूर्वीप्रमाणे, मूळ जीसीसी ज्यांचा त्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्याच नावे करत राहिले. परतीची वाट त्यांनी स्वतःच्या हाताने उघडी ठेवली होती. दोन वर्षांत त्यांचं काम इतकं पुढे गेलं की एप्रिल 1999मध्ये फाउंडेशनने ईजीसीएसलाच अधिकृत जीसीसी ठरवलं. आज तू जीसीसी म्हणून वापरतोस तो त्या फोर्कचा वंशज आहे. त्यांनी मूळ घराला शिव्या देण्यात वेळ घालवला असता तर हे झालं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

‘नाही’ म्हणणाऱ्याचं काय होतं, तेही तुला माहीत हवं. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत 2018 साली एका चिन्हावरून वाद झाला. विसर्गासारख्या दोन टिंबांपुढे बरोबरचं चिन्ह (:=). हिशेबाच्या मधेच त्याची किंमत नाव देऊन साठवायची सोय. पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी तो प्रस्ताव मान्य केला, म्हणजे निर्णय त्यांच्या बाजूने लागला, आणि त्याच जुलैत त्यांनी भाषेच्या अंतिम निर्णयाचा अधिकार सोडून दिला. एका प्रस्तावासाठी इतकं झगडावं लागावं आणि इतक्या लोकांनी निर्णयाला नावं ठेवावीत, हे त्यांना पुरे झालं होतं. त्यांनी वारस नेमला नाही. समुदायाने काही महिने चर्चा करून पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ ठरवलं, आणि 2019च्या सुरुवातीला ते कामाला लागलं. ते चिन्ह आज पायथनमध्ये आहे, लोक वापरतात, कुणाचं काही अडलेलं नाही. पण ज्याने ती भाषा जन्माला घातली आणि पंचवीसेक वर्षं वाढवली तो माणूस वाद जिंकून थकला. मला हे वाचून तेव्हा रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू.

कारण तोवर मी स्वतः दुसऱ्या बाजूला बसून चुकले होते. मराठी शब्दतपासणीच्या एका छोट्या यादीची जबाबदारी काही वर्षं माझ्याकडे होती. एका विद्यार्थ्याने बदल पाठवला: ‘केलं, गेलं, आलं’ ही रूपं बरोबर धरावीत, त्यांच्याखाली तांबडी रेघ नको. मी प्रमाणलेखनाच्या नियमांवर वाढलेली. मला वाटलं, औपचारिक मजकुरात ‘केले, गेले’च हवं. पण मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांतही संवाद जसाच्या तसा लिहिताना असा अनुस्वार मान्य आहे, हे मला ठाऊक होतं. म्हणजे त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, आणि ते पचवायला मला वेळ हवा होता. तो मी त्याच्याकडे मागितला नाही. मी उत्तरच दिलं नाही. चार महिने. त्याने दोनदा नम्रपणे विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. यादीत ती रूपं पुढे मीच घातली. तो मुलगा परत आला नाही, आणि त्याच्याइतकी बारीक नजर असलेलं माणूस मला त्या कामात पुन्हा भेटलं नाही. बघ, हे पत्रही मी त्याच्याच रूपांत लिहिते आहे.

म्हणून म्हणते, तुझ्या मेन्टेनरने तीन ओळी का होईना, चार दिवसांत लिहिल्या. त्याचा मान ठेव.

आणि आणखी एक काम कर, जे नवे लोक करत नाहीत: प्रकल्पाची माहिती काढ. परवाना कोणता? कोडचे हक्क प्रत्येकाकडे राहतात की एका संस्थेच्या नावे होतात? नाव कुणाच्या मालकीचं? मर्ज करायचा, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घ्यायचा, अधिकार किती जणांना आणि तो कसा मिळतो? हौसिंग सोसायटीत घर घेताना आपण उपविधी मागून घेतो, इथे मात्र कशावरही न विचारता वर्षं घालतो. तुझ्या प्रकल्पाचं मी पाहिलं. मर्जचा अधिकार तिघांना आहे, तिघांपैकी एक वर्षभर दिसलेला नाही, उरलेल्या दोघांतला एक हा मेन्टेनरच. म्हणजे तो हुकूमशहा नाही, एकटा पडलेला माणूस आहे. त्याला भाषांच्या बाबतीत विश्वासाचं कुणी हवं असेल. ती जागा भांडून मिळत नाही. दुसऱ्यांचे बग बघून, चाचण्या लिहून, देवनागरीतल्या तक्रारींना उत्तरं देऊन हळूहळू मिळते. वर्षभराने ‘नाही’ म्हणायची पाळी तुझ्यावर आली, तर तो विद्यार्थी आठव.

एवढं सगळं करूनही त्याने कारण न देता पुन्हा दार लावलं, तर मग तुझा हक्क आहेच. तेव्हा मी तुला अडवणार नाही. पहिल्या महिन्याच्या चाचण्या मी लिहीन.

सध्या इतकंच: त्याला लिहायचं उत्तर आधी मराठीत लिही, रागाची वाक्यं त्यातच निघून जातील. मग इंग्रजी आपण दोघं मिळून करू. भाषेची नोंद चुकलेली माझ्याकडची सात पुस्तकं सोबत पाठवते आहे. त्यातली दोन दिवाळी अंकांची आहेत, ती आधी तपास, जोडाक्षरं त्यांतच जास्त आहेत. शनिवारी ठाण्याला उतरलास तर चालतच ये, तलावपाळीवरून. रिक्षाची रांग त्या वेळी फार असते. ‘ऱ्या’ऐवजी ‘र्या’ दिसतो का तेही बघून ठेव, ते मला तपासायचं राहिलं.

तुझी,
काकू