बाइकचा इन्शुरन्स: क्लेममधून काय कापतात आणि हेल्मेट-जॅकेटचं काय?

पाऊस संपत आला की बाइकवाले सर्व्हिसिंग करून घेतात, टायर बघतात, ग्रुपवर राइडचे प्लॅन ठरतात, आणि पॉलिसी मात्र डिकीत घडी घालून तशीच पडलेली असते. यावेळी आलेले बहुतेक प्रश्न त्या पॉलिसीबद्दलच होते, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न (नाशिक): माझी ३५० सीसीची बाइक २ वर्षं ८ महिने जुनी आहे. कसारा घाटात रस्त्यावर ऑइल सांडलेलं होतं, गाडी घसरली. शोरूमचं बिल २१,००० झालं, कंपनीने १४,५५० पास केले. पॉलिसी फर्स्ट पार्टी आहे मग साडेसहा हजार माझ्या खिशातून का? एजंट म्हणतो "एक्सेस लागला". आणि हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज सगळं गेलं त्याचे शून्य रुपये. हे बरोबर आहे का?

उत्तर: तुम्ही बिलाचा आणि सर्व्हेअरच्या असेसमेंटचा फोटो पाठवलात ते फार बरं झालं, कारण एजंटने सगळं एकाच शब्दात गुंडाळून टाकलंय आणि खरी कपात वेगळ्याच ठिकाणी झालीय. जीएसटी बाजूला ठेवून बघू. प्लास्टिक आणि रबरचे पार्ट ६,०००, लोखंडी पार्ट ९,०००, टाकीचं पेंटिंग ४,००० आणि बाकी मजुरी २,०००. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर-ट्यूब, बॅटरी यावर गाडी नवीकोरी असली तरी ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे ३,००० इथेच गेले. लोखंडी पार्टला गाडीच्या वयाप्रमाणे घसारा असतो, पहिले ६ महिने काही नाही, वर्ष होईपर्यंत ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १०, तिसऱ्या वर्षी १५, आणि तुमची गाडी तिसऱ्या वर्षात आहे म्हणून १,३५०. पेंटिंगच्या एकत्र बिलात २५ टक्के भाग रंगाच्या मालाचा धरतात आणि त्यावर ५० टक्के कापतात, ते ५०० झाले. मजुरीला हात लावत नाहीत. सगळे मिळून ४,८५० नुसत्या घसाऱ्यात गेले.

आता एजंट ज्याला एक्सेस म्हणतोय तो, म्हणजे पॉलिसीवर डिडक्टिबल लिहिलेलं असतं ते (शोरूममधे यालाच फाईल चार्ज म्हणतात). यातला कंपल्सरी भाग टू-व्हीलरला फक्त १०० रुपये असतो, पण तुमच्या पॉलिसीवर व्हॉलंटरी डिडक्टिबल १,५०० असंही छापलंय. म्हणजे प्रत्येक क्लेममधले पहिले १,५०० मी सोसेन असं तुमच्याकडून मान्य करून घेतलंय, आणि तुमच्या पत्रावरून तरी तुम्हाला ते कुणी विचारलेलं दिसत नाही. याच्या बदल्यात प्रीमियममधे सूट मिळते, पण किती ते बघा. जुन्या टॅरिफप्रमाणे १,५०० ला ओडी प्रीमियमवर (म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागाच्या प्रीमियमवर) २० टक्के, पण जास्तीत जास्त २०० रुपये, आणि ३,००० घेतलं तर २५ टक्के, जास्तीत जास्त २५०. आता कंपन्या आपापले दर लावतात पण चित्र फारसं वेगळं नसतं. दोनशे रुपये वाचवायला दीड हजाराचा खड्डा, तोही दर क्लेमला! मला हे टू-व्हीलरसाठी अजिबात पटत नाही. बाइकचे क्लेम मुळात लहान रकमेचे असतात, त्यात दीड हजार म्हणजे मोठा घास जातो. ऑनलाइन पॉलिसी काढताना प्रीमियम कमी दिसावा म्हणून हा पर्याय आधीच टिक केलेला असेल तर पैसे भरायच्या आधी काढून टाका, आणि एजंटकडून घेताय तर कोटेशनमधे ही ओळ शून्य आहे का ते स्वतः वाचा.

तुमच्यासाठी पुढच्या रिन्यूअलला झिरो डेप (घसारा न कापणारा अॅड-ऑन) घेणं योग्य राहील, निदान गाडी ५ वर्षांची होईपर्यंत, कारण त्यानंतर बऱ्याच कंपन्या तो देत नाहीत. झिरो डेप असता तर ते ४,८५० वाचले असते. पण लक्षात घ्या, झिरो डेप असला तरी डिडक्टिबल कापलं जातंच, आणि वर्षात किती क्लेमना तो चालतो यालाही मर्यादा असते, ती विचारून घ्या.

अजून एक, क्लेम केल्यावर तुमचा नो क्लेम बोनस शून्यावर आला. पहिल्या वर्षाला २० टक्के, मग २५, मग ३५, ४५ आणि ५० असा तो चढतो, आणि तुम्हाला आता ३५ मिळणार होता. ओडी प्रीमियम समजा २,००० असेल तर ७०० रुपये गेले आणि पुढची शिडी पहिल्यापासून. तुमच्या केसमधे १४,५५० मिळाले म्हणून क्लेम बरोबरच होता, पण आरसा तुटला, इंडिकेटर गेला अशा हजार-दीड हजाराच्या कामाला क्लेम करू नका, सगळं कापून हातात काही उरत नाही आणि बोनसही जातो.

आता रायडिंग गिअरचं, म्हणजे हेल्मेट-जॅकेटचं. स्टँडर्ड बाइक पॉलिसी गाडीची आणि गाडीवर बसवलेल्या वस्तूंची असते. अंगावरचं हेल्मेट, जॅकेट, नी-गार्ड, बूट त्यात येत नाहीत, त्यामुळे कंपनीने इथे काही चुकीचं केलेलं नाही. गिअरसाठी वेगळं अॅड-ऑन देता का हे रिन्यूअलला विचारा, आणि "हो" म्हणाले तर लगेच पैसे भरू नका. रकमेची मर्यादा किती, गाडीच्या अपघातातलं नुकसानच धरतात की चोरीही, गिअरवरही घसारा कापतात का, मागच्या माणसाचं हेल्मेट धरतात का, आणि त्या भागाला वेगळं डिडक्टिबल आहे का, एवढं ईमेलवर लिहून मागा. चार हजाराच्या हेल्मेटवर दोन हजार वेगळं डिडक्टिबल आणि वर घसारा असेल तर ते अॅड-ऑन न घेतलेलं बरं.

बिलं मात्र जपा. जॅकेटच्या आतल्या लेबलचा फोटो, हेल्मेटचा आयएसआय स्टिकरसकट फोटो, बिलाचा फोटो, सगळं मोबाइलमधे एका फोल्डरला ठेवा. तुमच्या केसमधे समोर दुसरी गाडी नव्हती, पण उद्या कुणी दुसऱ्याने ठोकलं आणि चूक त्याची असेल तर तुमच्या गिअरचं नुकसान त्याच्या थर्ड पार्टी इन्शुरन्सकडून (दुसऱ्याचं नुकसान भरतो तो भाग) मागता येतं, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मालमत्तेच्या नुकसानीचाही दावा चालतो. कायद्यात अर्जाला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे, तेव्हा वाट बघत बसायचं नाही.

आणि ते हेल्मेट परत वापरू नका, प्लीज. वरून नुसता ओरखडा दिसतो पण आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो, धक्का खाऊन तो दबला की परत फुगत नाही, दुसऱ्या वेळी तोच धक्का थेट डोक्याला बसतो. पैसे मिळोत न मिळोत, नवीन घ्या.

प्रश्न (पुणे): स्टेशनच्या पार्किंगमधून माझ्या बाइकचे फॉग लाइट आणि टॉप बॉक्स चोरीला गेले, बॉक्समधे हेल्मेट होतं. कंपनी क्लेम नाही म्हणतेय. तक्रार करू का?

उत्तर: पोलीस तक्रार जरूर करा, पण कंपनीविरुद्ध तुमची बाजू कमजोर आहे. टू-व्हीलरच्या स्टँडर्ड पॉलिसीत साफ लिहिलेलं असतं की अॅक्सेसरीज नुसत्या चोरीला गेल्या तर भरपाई नाही, सोबत गाडीही चोरीला गेली असेल तरच. राग येण्यासारखंच कलम आहे आणि विकताना हे कुणी सांगत नाही, पण आहे ते असं आहे. हेल्मेट तर कुठूनच बसत नाही.

अपघाताची गोष्ट वेगळी. फॉग लाइट, क्रॅश गार्ड, पॅनियर बाहेरून बसवले असतील आणि त्यांची किंमत पॉलिसीत नोंदवून जादा प्रीमियम भरला असेल तर अपघातात त्यांचं नुकसान मिळतं. इलेक्ट्रिकल वस्तूंना जुना दर किमतीच्या ४ टक्के आहे, म्हणजे ५,००० च्या लाइटला २०० रुपये. नोंद नसेल तर सर्व्हेअर यादीतून ती ओळ खोडतो. आणि सायलेन्सर बदललाय, हँडल बदललंय तर तेही कंपनीला कळवा, न कळवलेलं मॉडिफिकेशन हे क्लेम अडवायला आयतं कारण होतं.

कधी खरंच चुकीचा नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, ऑफिसं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

प्रश्न (सांगली): मिस्टरांनी २०२२ ला नवीन बाइक घेतली तेव्हा शोरूमने ५ वर्षांचा इन्शुरन्स दिलाय. मी रोज मागे बसून मिरजेला कामावर जाते. मला काही झालं तर पैसे मिळतील ना?

उत्तर: ताई, आजच पॉलिसी काढून बघा. नवीन टू-व्हीलरला ५ वर्षांचा मिळतो तो थर्ड पार्टी, सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने सप्टेंबर २०१८ पासून तो सक्तीचा आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा म्हणजे ओडी भाग मात्र साधारण पहिल्या वर्षापुरताच दिलेला असतो. म्हणजे तुमच्या गाडीचा ओडी बहुतेक २०२३ लाच संपलाय, आणि बाइक चोरीला गेली किंवा पडली तर आज काहीही मिळणार नाही. पाच वर्षं लिहिलंय म्हणून लोक निर्धास्त राहतात, हे मला फार काळजीचं वाटतं. आता नुसता ओडी वेगळा घेता येतो, मधे खंड पडलाय म्हणून कंपनी गाडीची तपासणी किंवा व्हिडिओ मागेल.

तुमचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. पोलिसांनी पकडू नये म्हणून काढतात ती नुसती कायद्यापुरती थर्ड पार्टी पॉलिसी मागे बसणाऱ्याला कव्हर करत नाही, सुप्रीम कोर्टाने २००६ मधेच तसं म्हटलंय. पॅकेज पॉलिसीत (थर्ड पार्टी आणि ओडी एकत्र, जिला लोक फर्स्ट पार्टी म्हणतात) मागे बसणारी व्यक्ती धरली जाते, विमा नियामकाने २००९ मधे तसं स्पष्ट केलंय. तुमचं ओडीचं वर्ष संपल्यावर तुमच्या पॉलिसीत नेमकं काय लागू आहे ते कंपनीला ईमेल करून लेखी विचारा, फोनवरचं "हो मॅडम" कामाचं नाही. चूक दुसऱ्या गाडीची असेल तर त्या गाडीच्या थर्ड पार्टीतून तुम्हाला मिळतं, तो हक्क आहेच. १५ लाखांचं पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर असतं ते फक्त मालक स्वतः चालवत असताना, वैध लायसन्स असेल तर, म्हणजे मिस्टरांसाठी.

तुम्ही स्वतःच्या नावाने अपघात विमा घ्या. बँकेत खातं असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयात २ लाख देते, मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला, वय १८ ते ७०. त्याच्यावर थोडी मोठी वेगळी पॉलिसी घ्या, आणि हेल्मेट दोघांनीही घाला.

प्रश्न (चिपळूण): पुराचं पाणी इंजिनपर्यंत आलं तर क्लेम मिळतो का?

उत्तर: ओडी असेल तर पूर हा कव्हर असलेला धोका आहे, साफसफाई, वायरिंग, बॅटरी वगैरे घसारा कापून मिळतं. घोळ होतो तो पाणी ओसरल्यावर लोक सेल्फ मारतात तिथे. सिलिंडरमधे पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ते नुकसान पुराने नाही तर चालू केल्याने झालं म्हणून कंपनी हात वर करते. जुलै २०२१ नंतर तुमच्याकडे हे वेगळं सांगायला नको. चावी लावू नका, पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, कंपनीला कळवा, गाडी ढकलत किंवा टेम्पोतून न्या. इंजिन प्रोटेक्ट अॅड-ऑन कोकणात राहणाऱ्याने घ्यावाच.

प्रश्न (सातारा): गोव्यात बाइक भाड्याने घेतली, परत देताना जुन्या स्क्रॅचचे ४,००० डिपॉझिटमधून कापले. इन्शुरन्स आहे म्हणाला होता.

उत्तर: नंबर प्लेट कुठली होती? भाड्याच्या परवान्याची बाइक काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची असते. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी भाड्याने दिली तर भाड्याने देणं हेच पॉलिसीच्या वापराच्या अटीबाहेर जातं, अपघात झाला तर नुकसान भरणार कोण हा वाद तुमच्या गळ्यात येतो. स्वस्त मिळाली तरी नको.

डिपॉझिटमधली कपात हा तुमचा आणि दुकानदाराचा करार, विम्याचा त्याच्याशी संबंध नाही. पुढच्या वेळी चावी घेण्याआधी दुकानदारासमोरच गाडीभोवती फिरून व्हिडिओ घ्या, टाकी, सायलेन्सर, आरसे, लिव्हरची टोकं सगळं येऊ द्या, आणि त्याच्याच नंबरवर तिथूनच व्हॉट्सअॅप करा. नुकसान झालं तर जास्तीत जास्त किती घेणार हा आकडा पावतीवर लिहून घ्या.

प्रश्न (नागपूर): डिसेंबरमधे बाइकने नेपाळला जातोय, पॉलिसी चालेल?

उत्तर: साधी पॉलिसी भारतापुरती असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका वगैरेसाठी जादा प्रीमियम भरून भौगोलिक क्षेत्र वाढवून मिळतं, त्याची एंडॉर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाची लेखी नोंद) निघण्याआधी घ्या, सीमेवर पोचल्यावर ते होत नाही. नेपाळमधे शिरताना गाडीचा भन्सारही (तिथल्या कस्टम्सचं शुल्क) भरावा लागतो, त्यासाठी आरसी मूळ आणि तुमच्या नावाची ठेवा, मित्राची बाइक नेणार असाल तर त्याचं संमतिपत्र सोबत असू द्या.