ट्रक भरलेला, तरी घर अंधारात: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. जुलै २०२४ मधल्या बेरिल वादळात वीज गेली, त्यानंतर फोर्डची एफ-१५० लाइटनिंग (बॅटरीवर चालणारा पिकअप ट्रक) घेतली. तिच्या हौद्यात २४० व्होल्टचं सॉकेट आहे. ट्रकची वीज घरात घ्यायला इलेक्ट्रिशियनने भिंतीवर इनलेट बॉक्स आणि पॅनेलवर (ब्रेकरच्या पेटीवर) इंटरलॉक बसवला. शेजाऱ्यांचा पेट्रोल जनरेटर अशाच जोडणीवर नीट चालतो. आमच्याकडे मात्र घरातला पहिला ब्रेकर चढवला की ट्रक वीज तोडतो. ट्रक बदलून मागावा का?

उत्तर : नको. ट्रक जसा वागायला हवा तसाच वागतोय.

अमेरिकेत घराच्या मुख्य पॅनेलमध्ये न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि ग्राउंड (आपल्याकडचं अर्थिंग) एकमेकांना जोडलेले असतात. लाइटनिंगमध्येही ही जोडणी ट्रकच्या आतच केलेली असते, आणि तिच्या सॉकेटना जीएफसीआय, म्हणजे करंटची गळती दिसताच वीज तोडणारं, संरक्षण असतं. तुमचा इंटरलॉक मेन ब्रेकर आणि जनरेटरचा ब्रेकर एकाच वेळी चढू देत नाही, एवढंच त्याचं काम. न्यूट्रलला तो हातही लावत नाही. त्यामुळे न्यूट्रल आणि ग्राउंड दोन ठिकाणी जोडलेले राहतात, आणि परतीचा करंट थोडा न्यूट्रलमधून, थोडा ग्राउंडच्या तारेतून ट्रककडे जातो. गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांत काही मिलीअँपिअरचाही फरक पडला की जीएफसीआय तोडतो. शेजाऱ्यांच्या जनरेटरचा न्यूट्रल बहुधा फ्रेमला जोडलेला नसेल किंवा त्याच्या २४० व्होल्टच्या सॉकेटला जीएफसीआय नसेल.

यावर सरळ इलाज : दोन्ही फेजसोबत न्यूट्रलही तोडणारा, म्हणजे तीन पोलचा, ट्रान्सफर स्विच (घराला बाहेरच्या तारांवरून ट्रकवर नेणारा). दुकानात सर्रास मिळणारे दोन पोलचे असतात, लेबल वाचूनच घ्या. अख्ख्या घरासाठी असा स्विच बसवता येतो, पण मग न्यूट्रल-ग्राउंडची जोडणी विजेच्या कंपनीच्या बाजूला न्यावी लागते आणि जुन्या पॅनेलमधल्या न्यूट्रल व ग्राउंडच्या सगळ्या तारा वेगळ्या कराव्या लागतात. खर्च वाढतो तो तिथेच. आमचं मत छोट्या सबपॅनेलच्या (निवडक सर्किटांच्या वेगळ्या पेटीच्या) बाजूने आहे : फ्रिज, वायफाय, झोपण्याच्या खोल्या, गॅसच्या फर्नेसचा पंखा आणि स्वयंपाकघरातलं एक सर्किट. ३० अँपिअरचा स्विच, एल१४-३० चं चार पिनांचं इनलेट, १० गेजची चार तारांची केबल.

इथे एक चूक हमखास होते. सर्किटची फेजची तार सबपॅनेलमध्ये आणली जाते आणि न्यूट्रल जुन्या पॅनेलमध्येच राहतो. अशी एक तार राहिली तरी ट्रक पुन्हा तोडणार. शोधायला सगळे ब्रेकर पाडा, मग एकेक चढवा. ज्याने तोडलं, त्याचा न्यूट्रल तपासा.

कोणी केबलची ग्राउंड पिन काढायला सांगेल. ट्रिपिंग थांबेलही, पण उपकरणाच्या बॉडीत करंट उतरला तर ब्रेकर पाडणारा मार्गच उरणार नाही. हे काम परमिट काढून आणि तपासणी करूनच करून घ्या.

प्रश्न : लाइटनिंगसोबत ८० अँपिअरचा चार्ज स्टेशन प्रो मिळाला, तो १०० अँपिअरच्या ब्रेकरवर बसवला. तरी वीज गेली तेव्हा घरात काहीच आलं नाही.

उत्तर : तो नुसता चार्जर आहे. घराला वीज द्यायची तर त्याच्या जोडीला होम इंटिग्रेशन सिस्टिम लागते : बॅटरीच्या डीसीची एसी करणारा इन्व्हर्टर, घराला बाहेरच्या तारांपासून तोडणारा स्विच आणि अंधारात यंत्रणा जागी करणारी छोटी बॅटरी. तेव्हा कुठे ९.६ किलोवॅटपर्यंत वीज आपोआप मिळते. जीएमच्या सिल्व्हराडो ईव्हीलाही चार्जरखेरीज असा वेगळा संच घ्यावा लागतो. ती छोटी बॅटरी मेली तर ट्रक काठोकाठ भरलेला असूनही घर अंधारातच राहील. वादळाचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो, मे महिन्यात मेन पाडून एकदा चाचणी घ्या.

प्रश्न : लाइटनिंगची १३१ किलोवॅट-तासांची बॅटरी किती दिवस पुरेल? सेंट्रल एसी चालेल का?

उत्तर : दिवसाला ३० युनिट धरले तर फोर्डच्या हिशेबाने ३ दिवस, काटकसर केली तर १०. भागाकार केला तर चार दिवसांहून थोडं जास्त येतं, पण इन्व्हर्टरमध्ये काही वीज जाते, ट्रकची यंत्रणा रिकामी जागी असतानाही खाते, आणि जवळच्या चालू चार्जरपर्यंत जाण्याएवढी रेंज राखायला हवी. ती खालची मर्यादा आधीच ठरवून ठेवा.

एसीच्या बाबतीत अडचण सुरू होण्याच्या क्षणाची आहे. तीन टनांचा कॉम्प्रेसर चालताना साधारण तीन-साडेतीन किलोवॅट घेतो, पण सुरू होताना क्षणभर ७०-८० अँपिअर मागू शकतो. हौद्यातलं सॉकेट ३० अँपिअरचं, म्हणजे ७.२ किलोवॅटचं. सॉफ्ट स्टार्टर (सुरू होतानाचा करंट कमी करणारं उपकरण) लावला तर बरेच कॉम्प्रेसर उचलतात, पण त्याच वेळी साडेचार किलोवॅटचा वॉटर हीटर चालू नको. जुलैतल्या ह्यूस्टनला आम्ही पाचशे-सहाशे वॅटचा खिडकीतला एसी सुचवू. रात्रभरात पाच-सहा युनिट जातील आणि घरातले सगळे एका खोलीत झोपतील.

प्रश्न : आम्ही कुडाळचे. पावसात वीज दोन-दोन दिवस नसते. आमच्या नेक्सॉन ईव्हीत व्ही२एल (कारच्या बॅटरीवर बाहेरची उपकरणं चालवायची सोय) आहे. दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर करून घरातल्या सॉकेटमध्ये खुपसली तर चालेल, असं ओळखीचा वायरमन म्हणतो.

उत्तर : मुळीच नको. मेन स्विच चुकून चालू राहिला तर तुमचे २३० व्होल्ट डीपीमधून (रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून) उलटे जाऊन ११ हजार होतात, आणि खांबावर चढलेला माणूस वीज बंद आहे असं समजून तारेला हात लावतो. शिवाय वायरचं एक टोक बाहेर राहिलं तर उघड्या पिनांवर करंट असतो. आणि मधेच लाइट आली तर कारचा इन्व्हर्टर जळू शकतो.

सरळ मार्ग : व्ही२एलच्या सॉकेटवर १६ अँपिअरचा जाड एक्स्टेन्शन बोर्ड लावा आणि फ्रिज, पंखा, दिवे त्याला थेट जोडा. मर्यादा ३.३ केव्हीएची, म्हणजे साधारण १४ अँपिअर. दोन किलोवॅटचा गिझर एकटा चालेल, मिक्सर आणि इस्त्री सोबत नको. विहिरीवरचा एक एचपीचा पंप कदाचित उचलेल, तीन एचपीचा नाही, कारण सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट मागते.

घराचा इन्व्हर्टर असेल तर त्याचा प्लग भिंतीतून काढून कारच्या बोर्डात लावायचा मोह होतो. आधी वायरिंग पाहा. पुष्कळ घरांत इन्व्हर्टरकडून फक्त फेजची तार घेतलेली असते आणि न्यूट्रल मेनचाच, सामाईक असतो. प्लग काढला की परतीचा रस्ता तुटतो आणि दिवे लागत नाहीत. कायमची सोय हवी तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा दोन पोलचा चेंजओव्हर स्विच लावून घ्या.

शेवटची गोष्ट अर्थिंगची. व्ही२एलच्या आउटपुटला न्यूट्रल-अर्थ जोडणी असेलच असं नाही, आणि ती नसेल तर घरातला आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) गळतीवर पडेल याची खात्री नसते. चेंजओव्हर बसवतानाच परवानाधारक ठेकेदाराकडून हे तपासून घ्या, आणि बोर्ड पागोळीखाली ठेवू नका.