मॉड्युलर किचन राहू द्या, आधी ती ‘एफडी’ उघडून वाचा

प्रश्न : सांगलीत गावभागात तळमजल्यावर दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो. भाडं ११ हजार, करार ११ महिन्यांचा, मालक तो दरवेळी वाढवतात. वय ३३, हातात पगार ४८ हजार, पत्नी घरी असते, मुलगी तीन वर्षांची. मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, भिंतीतलं वॉर्डरोब आणि वॉलपेपर असा साडेतीन लाखांचा अंदाज काढून आणलाय. बँकेतल्या साहेबांनी करून दिलेली एफडी आहे. तिच्यात दरवर्षी ७२ हजार भरतो, दोनदा भरलेत, तिसऱ्यांदा भरायचे ७२ हजार पुढच्या महिन्यासाठी वेगळे ठेवलेत. कागदावर ‘१२ वर्षं भरणा, २० वर्षांनी १६ लाख, सम अशुअर्ड ७ लाख २० हजार’ असं लिहिलंय. ती मोडून दीड लाख घ्यावेत आणि उरलेल्या दोन लाखांचं पर्सनल लोन काढावं, की सगळंच लोन काढावं? दिवाळीला ४० हजार बोनस मिळेल. बाकी शिल्लक नाही.

उत्तर : दोन्ही करू नका. दोन लाखांचं कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ६,८०० च्या आसपास आणि व्याज ४६ हजार. म्हणजे साडेतीन लाखांचं काम चार लाखांना पडलं. मालकांनी तीन वर्षं राहू दिलं असं धरलं तरी महिन्याला ११ हजार होतात, म्हणजे तुमचं भाडंच दुप्पट झालं. आणि ११ महिन्यांनी घर सोडायची वेळ आली तर सीलिंग काढून नेता येत नाही, त्या ओट्याच्या मापाने कापलेले किचनचे डबे दुसऱ्या ओट्याखाली बसत नाहीत.

पण तुमच्या पत्रातली मोठी अडचण घराची नाहीच. ज्याला तुम्ही एफडी म्हणताय ती एफडी नाही. एफडीत पैसे एकदाच ठेवायचे असतात. ती दरवर्षी भरणा मागत नाही आणि तिच्या पावतीवर सम अशुअर्ड, म्हणजे विम्याची रक्कम, नसते. बँकेच्या टेबलावर तुम्हाला आयुर्विम्याची पॉलिसी विकली गेली आहे. बँकेला तिच्यावर कमिशन मिळतं, आणि पगार जमा होणाऱ्या शाखेतला माणूस सांगतोय म्हणून लोक न वाचता सही करतात. असं विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

ती मोडली तर दीड लाख मिळणार नाहीत. दोन हप्ते भरलेल्या पॉलिसीचं हमी असलेलं सरेंडर मूल्य, म्हणजे मुदतीआधी मोडल्यावर मिळणारी रक्कम, भरलेल्या रकमेच्या साधारण ३० टक्के असतं. १ लाख ४४ हजारांवर ते ४३ हजार होतात. कंपनी वेगळं हिशेब करून देते ते विशेष सरेंडर मूल्य त्याहून जास्त निघू शकतं, पण ७०-७५ हजारांच्या वर आशा धरू नका. दोन्ही आकडे विमा कंपनीकडून लेखी मागवा, बँकेकडून तोंडी नको.

मग चालू ठेवावी का? १२ वर्षांत तुम्ही ८ लाख ६४ हजार भरणार आणि विसाव्या वर्षी १६ लाख घेणार. ‘जवळपास दुप्पट’ म्हणून हे विकलं जातं. प्रत्यक्षात परतावा वर्षाला सव्वाचार टक्क्यांच्या आसपास पडतो. हेच ७२ हजार पहिल्यापासून पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी बचत योजनेत, गेले असते तर आजच्या ७.१ टक्के दराने २० वर्षांनी २४ लाखांच्या घरात गेले असते. झालं ते झालं, आता उरलेले दहा हप्तेच मोजू. त्या ७२ हजारांतले १३ हजार टर्म विम्याला, म्हणजे मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या निव्वळ विम्याला, दिले आणि ५९ हजार दरवर्षी पीपीएफमध्ये टाकले, तर त्याच मुदतीला १५ लाख होतात. सरेंडरचे पैसे वेगळेच. रक्कम जवळपास तेवढीच, पण मुलगी लहान असताना तुमच्या जिवावर ७ लाखांऐवजी १ कोटीचं संरक्षण. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला १२ ते १५ हजारांत हा विमा मिळतो. अर्जात तंबाखू किंवा आजार लपवू नका, दावा तिथेच अडकतो.

क्रम मात्र चुकवू नका. आधी टर्म विमा घ्या, तो मंजूर होऊन कागद हातात येऊ द्या, मगच जुनी पॉलिसी सरेंडर करा. वार्षिक हप्ता भरायला तारखेनंतर ३० दिवसांची जादा मुदत असते, म्हणजे वेळ आहे. तोवर ते ७२ हजार खात्यातच राहू देत, आणि हप्ता आपोआप वळता होण्याची सूचना बँकेत असेल तर ती लेखी अर्ज देऊन थांबवा. ‘एफडी सांगून पॉलिसी दिली’ अशी तक्रार बँक आणि विमा कंपनी दोघांकडे लेखी करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा, तिथे फी नाही. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, ती मुदत तुमची गेली. तरीही तक्रार करा.

७२ हजारांतले १३ हजार विम्याला गेले की उरलेले ५९ हजार आणि सरेंडरचे पैसे वेगळ्या खात्यात टाका, अडीअडचणीसाठी. शिल्लक शून्य असलेल्या घरात पहिलं वर्ष पीपीएफलाही थांबायला हरकत नाही. सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे दोन लाखांच्या आसपास जमेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

घरासाठी उरतो बोनस, ४० हजार. तेवढ्यात घर छान होतं, फक्त भिंतीला जखडलेलं काही घेऊ नका. टेम्पोत चढेल तेच घ्या. त्यात तुम्ही गावभागात तळमजल्यावर. २०१९ ला आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती आणि धोक्याची पातळी ४५ आहे. मॉड्युलर किचनला बऱ्याचदा वापरतात तो पार्टिकल बोर्ड, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी, एकदा पाण्यात भिजला की फुगतो आणि पुन्हा जागेवर येत नाही. म्हणून जुन्या फर्निचरच्या दुकानातला सागवानी दिवाण बघा, पॉलिशसकट १२ हजारांच्या आत बसवा. घेताना उलटा करून पायांचे तळ तपासा. बारीक भुसा पडत असेल किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर लाकडाला कीड लागली आहे, सोडून द्या. ओट्याखाली मॉड्युलरऐवजी चाकांच्या दोन स्टीलच्या ट्रॉल्या, ८ हजार. वॉर्डरोबऐवजी तुमचं लोखंडी कपाटच रंगवून घ्या.

हॉलची एकच भिंत गडद रंगवा. १० बाय ९ फुटांची भिंत म्हणजे ९० चौरस फूट, दोन हातांना एक लिटर इमल्शन पुरतं. पण खाली ओल किंवा पांढरा शोरा दिसत असेल तर आधी मालकांकडून गळती थांबवून घ्या. ओल्या भिंतीवर रंग फुगतो, वॉलपेपर तर महिन्या-दोन महिन्यांत सुटून मागे बुरशी धरतो. पडद्यांचा रॉड खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना आठ-दहा इंच बाहेर आणि छताजवळ लावा, कापड रुंदीच्या दुप्पट घ्या. खोली उंच दिसते. भोकं पाडायची तर मालकांना आधी विचारा, डिपॉझिटमधून कापतात. ट्यूबलाइटच्या जोडीला ३००० केल्विनचे पिवळसर एलईडी लावलेले दोन दिवे कोपऱ्यात ठेवा. सीलिंगवर ६० हजार घालून जो उजेड हवाय, तो चार हजारांत मिळतो.

करार नोंदणीकृत आहे का, हे पत्रात नाही. महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदवलेलाच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकांची. पुढच्या नूतनीकरणात ‘भाडेकरूने आणलेल्या वस्तू तो घेऊन जाईल’ म्हणून यादी जोडून घ्या. भाडेकरूला फक्त घरातल्या सामानाचा विमा घेता येतो. ‘भारत गृह रक्षा’ ही घराच्या विम्याची पॉलिसी मागा, त्यात पूर धरलेला असतो आणि तुमच्या सामानाला हप्ता काहीशे रुपयांच्या पुढे जाणार नाही. जूनच्या आधी घ्या.