बंदी आली, पावडर कोठीतच राहिली

प्रश्न : उत्तर सोलापूर तालुक्यातील आमच्या वस्तीवरची जुनी कोठी पाडताना बीएचसी या कीटकनाशक पावडरची दोन पोती सापडली. वडील ज्वारीवर हीच पावडर धुरळत असत. इतक्या वर्षांत तिचा जोर गेला असेल असे वाटते. ती बांधाच्या कडेला पुरावी की जाळून टाकावी?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : कृपया यांतले काहीही करू नये, कारण या पावडरचा जोर गेलेला नाही. बीएचसी हे अनेक घटकांचे मिश्रण असून त्यातला कीड मारणारा घटक, म्हणजे लिंडेन, साधारण 10 ते 15 टक्केच असतो. उरलेला मोठा भाग पिकाच्या काहीच कामाचा नसतो, पण विषारी मात्र असतो, आणि त्यातला ‘बीटा’ नावाचा घटक तर सर्वांत चिवट आहे. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, चरबीत मात्र साठतो. त्यामुळे मातीतून चाऱ्यात, चाऱ्यातून म्हशीच्या दुधात आणि दुधातून आपल्या घरात त्याचा प्रवास होतो. पुरलेले पोते कुजेल, पावडर कुजणार नाही, आणि पावसाळ्यात ती विहिरीच्या दिशेने सरकू लागेल. उघड्यावर जाळल्यास घातक वायू आणि डायॉक्सिनसारखी, मूळ पावडरपेक्षाही भयंकर विषे तयार होऊ शकतात.

भारतात बीएचसीवर 1997 मध्ये बंदी आली. अशा चिवट विषांसाठी 2001 मध्ये स्टॉकहोम करार हा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारताने तो 2006 मध्ये मान्य केला. त्याच्या यादीतील प्रारंभीच्या 12 रसायनांत डीडीटी, आल्ड्रिन या कीटकनाशकांचा समावेश होता. लिंडेन आणि बीएचसीतील आणखी दोन घटक 2009 मध्ये यादीत आले. या करारातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की, तो केवळ उत्पादन थांबवून समाधान मानत नाही, तर शिल्लक साठे शोधून ते सुरक्षितपणे नष्ट करण्याची जबाबदारीही सरकारांवर टाकतो. आपल्याकडे बंदीची बातमी गावोगावी पोहोचली, पण घराघरांत उरलेल्या पोत्यांचे काय करायचे, हे शेतकऱ्याला कोणी नीट सांगितले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता करायचे ते असे. मुले आणि जनावरे कोठीकडे फिरकू देऊ नयेत. हातमोजे आणि मास्क घालून, पोती न झटकता, सांडलेल्या पावडरसह ती जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवावीत आणि पिंपावर ‘विष’ असे ठळक लिहावे. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे आणि ते फडकेही त्याच पिंपात टाकावे. नंतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर कार्यालयाला आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवून पोच घ्यावी. घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे रांजणगाव आणि तळोजा येथे आहेत. असा माल 1100 अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाच्या, धूर शुद्ध करणाऱ्या भट्टीतच नष्ट व्हायला हवा. स्वतःच्या वाहनातून तो नेऊ नये.

कोठीत क्लोरपायरीफॉसच्या जुन्या बाटल्याही असतील, तर त्याही याच अर्जात नोंदवाव्यात. उसातल्या हुमणीसाठी आणि वाळवीसाठी आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे हे औषध मे 2025 मध्ये काही सवलती ठेवून याच कराराच्या यादीत आले आहे. म्हणून यापुढे ते हंगामापुरतेच विकत घ्यावे, साठवून ठेवू नये.