८०८८ पीसीवर सिरियल पोर्टची अक्षरं गळतात, इंटरप्ट हँडलर असेंब्लीत लिहू का?

तुम्ही म्हणता ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ प्रोसेसरचा पीसी आहे, इंटरप्ट हँडलर (अक्षर आलं की प्रोसेसर हातातलं काम थांबवून जो कोड चालवतो तो) टर्बो सीमध्ये लिहिलाय आणि ९६०० बॉडला मधली अक्षरं गळतात. असेंब्लीत जरूर लिहा, पण आधी हँडलरमधलं काम बाहेर काढा.

९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट, अक्षरामागे १० बिट) म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं, म्हणजे अक्षरामागे जवळपास ४९७० सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके). टर्बो सीचं इंटरप्ट फंक्शन ९ रजिस्टरं पुश-पॉप करतं (स्टॅकवर जपून ठेवतं आणि परत काढतं), त्यात अडीचशेच्या आसपास सायकल जातात. एवढ्याने अक्षरं गळत नाहीत. १,१५,२०० बॉडला मात्र अक्षरामागे जेमतेम ४१४ सायकल हातात असतात, तिथे सी विसरा.

मी हे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर शिकलो. काटा २४०० बॉडने सतत वजन पाठवायचा आणि मी शहाणा, हँडलरमधूनच बायॉसकरवी (पीसीच्या रॉममधल्या मूळ कोडकरवी) आकडा स्क्रीनवर छापायचो. स्क्रीन भरली की ओळी वर सरकवण्यात इतका वेळ जायचा की तेवढ्यात एखादं अक्षर हरवायचं. १२४८० किलोची उसाची गाडी १२८० किलोची झाली. ट्रॅक्टरवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "साहेब, एवढा ऊस तर माझ्या बैलगाडीत मावतो."

तेव्हापासून माझा हँडलर फक्त उचलाउचल करतो: सिरियल चिपच्या डेटाच्या पोर्ट ३एफ८ मधून बाइट वाचायचा, बफरमध्ये टाकायचा, ८२५९ ला, म्हणजे इंटरप्ट सांभाळणाऱ्या चिपला, काम झाल्याचं कळवायचं (पोर्ट २० हेक्सवर २० हेक्स) आणि परतायचं. छपाई, तपासणी, फाइल सगळं मुख्य लूपमध्ये. डॉसचं इंटरप्ट २१ हेक्स (डॉसकडून काम करून घेण्याचा मार्ग) तर हँडलरमधून कधीच नाही, ते मुळात काम अर्धवट असताना पुन्हा शिरण्यासाठी लिहिलेलंच नाही.

बफर बरोबर २५६ बाइटचा ठेवा. मग इंडेक्स ८ बिटी रजिस्टरमध्ये वाढवला की २५५ नंतर आपोआप ० होतो, तुलना करायची गरजच नाही. आणि पुस्तकातल्या सायकलच्या तक्त्यावर फार विसंबू नका. ८०८८ चा बस ८ बिटी आहे, सूचनेचा एकेक बाइट आणायला ४ सायकल लागतात. त्यामुळे तक्त्यात स्वस्त दिसणारी लांबलचक सूचना प्रत्यक्षात महाग पडते. सूचना जितकी आखूड तितकी बरी.

एक खोच राहिली. पीसीच्या बसवर इंटरप्ट कडेवर लागतो, म्हणजे इंटरप्टची तार खालून वर जाते त्या क्षणी. तुम्ही हँडलरमध्ये असतानाच सिरियल चिपकडे इंटरप्टचं दुसरं कारण तयार झालं तर ती तार खाली येतच नाही, नवी कड मिळत नाही आणि पोर्ट मुका होतो. म्हणून बाहेर पडण्याआधी ३एफए (इंटरप्टचं कारण सांगणारं पोर्ट) वाचा, त्याचा सर्वांत खालचा बिट १ होईपर्यंत फिरत राहा.

एवढं करूनही गळत असेल तर ३एफडी (चिपची स्थिती सांगणारं पोर्ट) मधला ओव्हररनचा, म्हणजे जुनं अक्षर उचलण्याआधीच नवं आल्याचा बिट (बिट १) पाहा. तो लागलेला असेल तर कुणीतरी इंटरप्ट फार वेळ बंद ठेवतंय, बऱ्याचदा मेमरीत कायम बसलेला एखादा रेसिडेंट प्रोग्राम. तो कोरा असेल तर अक्षर आत आलं होतं, तुमचाच बफर भरून वाहिला.