मोबाइलवर दिसणारी अटॅचमेंट घरच्या संगणकावर का दिसत नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण घरच्या विंडोज संगणकावर थंडरबर्ड या मेल वाचण्याच्या प्रोग्रॅममधून जीमेलचे खाते वाचता. गृहनिर्माण सोसायटीच्या नव्या सचिवांकडून येणाऱ्या मेलमधील पीडीएफ संगणकावर दिसत नाहीत, मात्र तेच मेल मोबाइलवर उघडले की फाइल व्यवस्थित दिसते. शिवाय आपल्या सीएंच्या मेलमध्ये विवरणपत्राच्या प्रतीऐवजी ‘विनमेल डॉट डॅट’ नावाची, कशानेही न उघडणारी फाइल येते. संगणक दुरुस्त करणाऱ्याने सगळे पुसून विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला दिला आहे आणि तो मानावा का, असे आपण विचारले आहे.

कृपया तो सल्ला मानू नका. आपल्या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांपैकी एकाचाही विंडोजशी संबंध दिसत नाही. उलट, आपले खाते थंडरबर्डमध्ये ‘पॉप’ पद्धतीने, म्हणजे मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेण्याच्या पद्धतीने, जोडलेले असेल, तर जुन्या मेलची एकमेव प्रत त्या संगणकावरच असण्याची शक्यता आहे आणि सगळे पुसले की ती कायमची जाईल. मी घरगुती संगणकांच्या दुरुस्तीचेच काम करतो आणि एखादी फाइल दिसत नाही म्हणून वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार पुसला गेलेली घरे मी पाहिली आहेत. म्हणून हा मुद्दा आधी मांडतो.

अटॅचमेंट मेलबरोबर वेगळी येते आणि वाटेत कुठेतरी गळून पडते, असा आपला समज असतो, पण प्रत्यक्षात तसे नसते. १९९२ मध्ये नथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ या नावाने जी पद्धत मांडली, तीच आजही चालते. तिच्यात संपूर्ण मेल म्हणजे एकच सलग मजकूर असतो. पत्राचा भाग, फाइलचा भाग आणि त्यांच्यामध्ये सीमा दाखवणाऱ्या ओळी, असे सगळे त्या एकाच मजकुरात एकाखाली एक लिहिलेले असते. फाइलसुद्धा अक्षरांत, अंकांत आणि तिरक्या रेघेसारख्या एक-दोन चिन्हांतच लिहिली जाते. तिच्या दर तीन बाइटांसाठी चार अक्षरे लागतात, त्यामुळे ३ एमबीची पीडीएफ मेलमध्ये ४ एमबीहून थोडी अधिक जागा व्यापते. यावरून एक सोयीची गोष्ट निघते: फाइल त्या मजकुरात एक तर आहे किंवा नाही. असेल, तर प्रश्न ती दाखवण्याचा आहे आणि तो आपल्या घरी सुटतो. नसेल, तर ती पाठवणाऱ्याकडे शोधावी लागते. हा निवाडा होईपर्यंत कोणत्याही सेटिंगला हात लावू नये, कारण चार ठिकाणी फेरफार करून बसल्यावर मूळ बिघाड कोणता होता हे सांगणे अवघड होते.

सचिवांच्या मेलबाबत निवाडा झाल्यासारखाच आहे. मोबाइलवर फाइल दिसते, म्हणजे जीमेलच्या सर्व्हरवर ती आहे आणि सचिवांनी ती नीट पाठवली आहे. तरीही खात्रीसाठी संगणकावरच ब्राउझरमध्ये जीमेल उघडून तो मेल पाहावा. तेथे फाइल दिसली, तर विंडोज, इंटरनेटची जोडणी आणि संगणक हे सगळे निर्दोष ठरतात आणि संशय केवळ थंडरबर्डवर उरतो. (जरुरीची पीडीएफ तेथूनच लगेच उतरवून घ्यावी, म्हणजे बाकीचे काम घाई न करता करता येईल.)

आता थंडरबर्डमध्ये तोच मेल निवडून कंट्रोल आणि यू या कळा एकत्र दाबाव्यात. मेलचा मूळ मजकूर वेगळ्या खिडकीत उघडतो. तो पाहून घाबरण्याचे कारण नाही, त्यातील थोड्याच ओळी वाचायच्या आहेत. ‘कंटेंट-टाइप’ अशी सुरुवात असलेल्या ओळी शोधत खाली जावे. त्यांतील एका ओळीत ‘ॲप्लिकेशन’, मग तिरकी रेघ आणि ‘पीडीएफ’ असे लिहिलेले आढळेल आणि तिच्याखाली अर्थहीन वाटणाऱ्या अक्षरांचा लांबच लांब ठोकळा सुरू होईल. त्या ठोकळ्याची सुरुवात इंग्रजी कॅपिटल जे, व्ही, बी, ई, आर या अक्षरांनी होत असेल, तर ती पीडीएफच आहे, कारण प्रत्येक पीडीएफ ज्या खुणेने सुरू होते तिचे या लिपीतील रूप तेच आहे. फोटोचा ठोकळा असेल, तर तो बहुधा तिरकी रेघ, ९ हा अंक, लहान जे आणि पुन्हा तिरकी रेघ असा सुरू होतो. एवढे सापडले, की आपली फाइल आपल्याच संगणकावर, डोळ्यांसमोर आहे आणि थंडरबर्ड फक्त ती दाखवत नाही, हे नक्की झाले.

ती का दाखवली जात नाही, याचे आपल्या वर्णनाशी सर्वांत जुळणारे कारण असे आहे. पुष्कळ मेलमध्ये पत्राचा मजकूर दोनदा लिहिलेला असतो, एकदा साधा आणि एकदा सजावटीसह, म्हणजे एचटीएमएलमध्ये. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने त्यांपैकी एक निवडायचा आणि दुसरा सोडून द्यायचा, अशी ही व्यवस्था आहे. आयफोन किंवा मॅकवरच्या मेल ॲपमधून फाइल पाठवली, की ती बऱ्याचदा या सजावटीच्या आवृत्तीच्या आत, मजकुराच्या ओघात बसवली जाते. आपल्या थंडरबर्डमध्ये मेल साध्या मजकुरात दाखवण्याची निवड केलेली असेल, तर तो प्रोग्रॅम सजावटीची आवृत्ती संपूर्ण बाजूला ठेवतो आणि तिच्या पोटातील पीडीएफही तिच्याबरोबर नजरेआड होते. पेपरक्लिपची खूण नाही, खाली फाइलची पट्टी नाही, पत्र मात्र पूर्ण दिसते. सचिव नवे आहेत आणि तक्रार त्यांच्याच मेलपुरती आहे, हे आपण लिहिले आहे, त्यावरून ते आयफोन किंवा मॅक वापरत असावेत असा माझा कयास आहे. त्यांना विचारून पाहावे.

उपाय अगदी छोटा आहे. थंडरबर्डच्या खिडकीत ऑल्ट ही कळ दाबली, की वरची मेनूची ओळ दिसू लागते. तिच्यातील ‘व्ह्यू’ मध्ये ‘मेसेज बॉडी ॲज’ येथे जावे आणि ‘प्लेन टेक्स्ट’ ऐवजी ‘ओरिजिनल एचटीएमएल’ निवडावे. मेल पुन्हा उघडला, की फाइल खालच्या पट्टीत दिसायला हवी. साधा मजकूर ही निवड कोणी सावधगिरीसाठी करून दिली असेल, तर तिच्यामागचा हेतू योग्यच होता, कारण जाहिरातींच्या मेलमधील छुपी चित्रे त्यामुळे उघडत नाहीत. पण बाहेरून येणारी चित्रे थंडरबर्ड मुळातच आपल्या परवानगीशिवाय उतरवत नाही, तेव्हा ती काळजी सोडून एचटीएमएल ठेवायला घरगुती वापरात हरकत नाही.

मूळ मजकुरात पीडीएफचा ठोकळाच नसेल किंवा तो मध्येच तुटलेला असेल, तर गोष्ट वेगळी आहे. अशा वेळी संगणकावर उतरलेली प्रत अर्धवट असते. खात्याच्या सेटिंगमध्ये जागेच्या बचतीसाठी ठरावीक आकारापेक्षा मोठे मेल न उतरवण्याचा एक पर्याय असतो आणि त्यासमोर ५० केबीसारखा लहान आकडा लिहिलेला असू शकतो. त्यासमोरील बरोबरची खूण काढून टाकावी. त्यानंतर इनबॉक्सवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि तेथील ‘रिपेअर फोल्डर’ हे बटण दाबावे. थंडरबर्ड त्या फोल्डरची सूची नव्याने तयार करतो. मोठ्या इनबॉक्सला वेळ लागतो आणि तोवर प्रोग्रॅम बंद करू नये.

मात्र हे बटण दाबण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात, असा माझा आग्रह आहे. खात्याच्या ‘सर्व्हर सेटिंग्ज’ मध्ये सर्वांत वर सर्व्हरचा प्रकार लिहिलेला असतो. तेथे ‘आयमॅप’ असेल, तर मूळ मेल जीमेलकडे आहेत आणि संगणकावरची प्रत बिघडली तरी पुन्हा उतरवता येते. ‘पॉप’ असेल, तर वर सांगितलेला धोका आहे. दुसरी गोष्ट म्हणजे ‘हेल्प’ मेनूतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ मधून प्रोफाइलचे, म्हणजे आपले मेल आणि सेटिंग जेथे साठवलेले असतात ते फोल्डर उघडावे, ते नीट पाहून ठेवावे, थंडरबर्ड बंद करावा आणि ते संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवावे. थंडरबर्ड साधारणपणे एका फोल्डरमधील सगळे मेल एकाच मोठ्या फाइलमध्ये साठवतो. ती फाइल हातची गेली, तर एक मेल नव्हे, सगळा इनबॉक्स जातो.

याच कारणामुळे अँटिव्हायरसचाही विचार करावा लागतो. एखाद्या मेलमध्ये त्याला संशयास्पद काही आढळले, तर तो अटॅचमेंट काढून घेतो किंवा क्वचित ती संपूर्ण साठवणीची फाइलच अलग ठेवतो. विंडोजच्या सुरक्षा विभागातील ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ मध्ये अशा कारवाईची नोंद मिळते. तेथे सचिवांच्या मेलच्या तारखांच्या आसपास काही नसेल, तर अँटिव्हायरसला दोष देऊ नये आणि तो बंद करून तर मुळीच पाहू नये.

आता सीएंच्या फाइलकडे वळतो. ‘विनमेल डॉट डॅट’ हा व्हायरस नाही आणि आपल्या संगणकातील बिघाडही नाही. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये ‘रिच टेक्स्ट’ या स्वरूपात मेल लिहिला, की आउटलुक मजकुराची सजावट आणि अटॅचमेंट हे दोन्ही स्वतःच्या खास पाकिटात बंद करून पाठवतो. ते पाकीट आउटलुकला उघडता येते, इतर बहुतेक प्रोग्रॅमना येत नाही, आणि मग त्यांना फक्त पाकिटाचे नाव दिसते. आपले विवरणपत्र त्या पाकिटातच आहे.

ते फोडून देणारी संकेतस्थळे आहेत, परंतु ज्या फाइलमध्ये आपला पॅन, बँक खात्याचा क्रमांक आणि उत्पन्नाचा तपशील आहे, ती अनोळखी संकेतस्थळावर चढवणे मला कोणत्याही परिस्थितीत योग्य वाटत नाही. दुरुस्ती पाठवणाऱ्याच्या बाजूने करावी, ती दोन मिनिटांची आहे. सीएंच्या कार्यालयाला असे कळवावे: “आपण पाठवलेली फाइल माझ्याकडे विनमेल डॉट डॅट या नावाने येते आणि उघडत नाही. कृपया आउटलुकच्या ऑप्शन्समधील मेल विभागात जाऊन मेल लिहिण्याचे स्वरूप एचटीएमएल करावे आणि इंटरनेटवरील व्यक्तींना रिच टेक्स्ट मेल पाठवताना तो एचटीएमएलमध्ये रूपांतरित करण्याचा पर्याय निवडावा. त्यानंतर फाइल पुन्हा पाठवावी.” इतके करूनही तीच फाइल आली, तर त्यांच्या आउटलुकमध्ये साठवलेल्या आपल्या पत्त्यापुरते वेगळे स्वरूप ठरवलेले असू शकते. त्यांनी आपली जुनी नोंद काढून पत्ता नव्याने लिहिला, की बहुधा काम होते.

इतर काही शक्यता झटपट सांगतो. कोणी मेलला ‘रिप्लाय’ केले, तर मूळ अटॅचमेंट उत्तराबरोबर जात नाही. ती ‘फॉरवर्ड’ केल्यावरच जाते. त्यामुळे “सोबतचे पत्र पाहावे” असे लिहिलेल्या उत्तरात पत्र नसेल, तर साखळीतील पहिला मेल शोधावा. फाइल २५ एमबीपेक्षा मोठी असली, तर जीमेल ती न जोडता गूगल ड्राइव्हचा दुवा मजकुरात घालतो. थंडरबर्डमध्ये तो साध्या दुव्यासारखा दिसतो आणि सहज नजरेतून सुटतो. फाइलचे नाव मराठीत असेल आणि पाठवणाऱ्याच्या प्रोग्रॅमने ते नीट लिहिले नसेल, तर ती ‘पार्ट १.२’ अशा नावाने, शेवटी पीडीएफ हे शेपूट नसताना येते. ती साठवून नावाच्या शेवटी टिंब आणि पीडीएफ जोडले, की उघडते. मात्र आधी मूळ मजकुरात ती खरोखरच पीडीएफ आहे का, हे वर सांगितलेल्या पाच अक्षरांवरून पाहावे.

अटॅचमेंट दिसत नाही म्हणून ती पाहण्यासाठी पासवर्ड टाका, असे सांगणारा मेल किंवा पान आले, तर ते फसवणुकीचे समजून बंद करावे. आधीच अस्वस्थ असलेला माणूस अशा पानावर चटकन पासवर्ड लिहून मोकळा होतो आणि मग फाइलऐवजी खातेच हातचे जाते.

एचटीएमएलची निवड करूनही सचिवांची पीडीएफ दिसली नाही, तर मूळ मजकुरातील ‘कंटेंट-टाइप’ आणि ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळी ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने येथे लिहाव्यात, खाते आयमॅप आहे की पॉप तेही सांगावे. नावे, पत्ते आणि अक्षरांचे ते लांब ठोकळे मात्र लिहू नयेत, कारण त्या ठोकळ्यांतून कोणालाही आपली संपूर्ण फाइल पुन्हा तयार करता येते. त्या ओळी पाहून फाइल नेमकी कोणत्या भागाच्या आत अडकली आहे, हे मला सांगता येईल.