‘काउअर्डिस’ हा शब्द इंग्रजी वाक्यात कसा वापरतात?

‘ही इज काउअर्डिस’ बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय. नाही. माणूस भित्रा असतो, भित्रेपणा नसतो. म्हणून ‘ही इज अ काउअर्ड’.

मी बेळगावजवळच्या खानापुरात मराठी माध्यमाच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. आमच्या मुलांना कन्नड येतं, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. हेडी म्हणजे भित्रा, हेडितन म्हणजे भित्रेपणा. कन्नडचं ‘तन’, आपलं ‘पणा’, इंग्रजीचं ‘इस’, तिन्हींचं काम एकच. आणि उच्चार ‘इस’च, ‘आइस’ नव्हे, जस्टिस, नोटिससारखा.

‘काउअर्डली’ला शेवटी ‘ली’ आहे म्हणून फसू नका, ते विशेषण आहे. ‘अ काउअर्डली अटॅक’ म्हणजे भ्याड हल्ला.

‘काउअर्डिस’ मोजता येत नाही, म्हणून त्याच्या आधी ‘अ’ लावत नाहीत. एखादं कृत्य दाखवायचं तर ‘अ‍ॅन अ‍ॅक्ट ऑफ काउअर्डिस’. आरोप करायचा तर ‘दे अक्यूज्ड हिम ऑफ काउअर्डिस’. इथे ‘फॉर’ लिहिलं की गुण गेले.

पण व्याकरणापेक्षा अर्थ जपा. भीती वाटते ती ‘फिअर’. त्या भीतीपायी करायला हवं ते टाळलं, तर ‘काउअर्डिस’. हा शब्द ठपका ठेवतो. मुळात तो शेपटीसाठीच्या लॅटिन शब्दावरून फ्रेंचमार्गे आला, म्हणजे आपलं शेपूट घालणंच! बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, अनेक मुलांच्या घरात कुणी ना कुणी फौजेत आहे, त्यामुळे हा ठपका किती जड ते त्यांना सांगावं लागत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने पळून जाणं, शत्रूसमोर कच खाणं अशा आरोपांवरून आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यातल्या ३०६ जणांना ब्रिटनने २००६ साली माफी दिली, कारण तोफांच्या माऱ्याने कित्येकांची मनंच मोडली होती.

एका जुलैत माझा एक विद्यार्थी नाल्यावरच्या पुलावरून पाणी चाललेलं बघून घरी परतला. बाकीची मुलं पाण्यातूनच आली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी फळ्यावर त्याचं नाव लिहून पुढे ‘इज काउअर्डिस’ लिहिलं होतं, खाली कन्नडमध्ये ‘हेडी’. मी आधी ‘काउअर्डिस’ पुसून ‘अ काउअर्ड’ लिहिलं. मग सगळं वाक्यच पुसलं आणि खडू त्याच्याच हातात दिला. बराच वेळ तो फळ्यापुढे नुसता उभा होता. मग लिहिलं: ‘आय वॉज अफ्रेड ऑफ द वॉटर. इट वॉज नॉट काउअर्डिस.’

तुमच्या वहीत हीच दोन वाक्यं उतरवून घ्या.